सासूबाईंच्या मागून टिटवाळ्याला

टिटवाळ्याचा गणपती लग्नं जुळवून देतो, हे कल्याणात पोरासोरांनाही ठाऊक. त्यामुळे माझ्या सासूबाईंनी तिथे पायी जायचा नवस बोललाय असं आळीत कळलं, तेव्हा कुणाला फार डोकं चालवावं लागलं नाही. आमच्या घरात लग्नाचं उरलं होतं कोण? एकुलता एक मुलगा, आणि त्याचं तर माझ्याशी झालेलं. आदल्या श्रावणात माझं मूल जन्मतःच गेलं आणि नंतरच्या तापाने मी दिवाळी उलटेपर्यंत अंथरुणाला खिळले. हिला पुन्हा मूल होणं कठीण, असं सुईण बोलून गेली होती. तेव्हा आता दुसरी सून येणार, हे सगळ्यांनी गृहीतच धरलं. शेजारच्या काकूंनी तर मला धीरही दिला. सवत आली तरी घर मोठं आहे हो तुमचं, म्हणाल्या.

सासूबाईंना विचारावं, तर नवस कशाचा ते फेडेपर्यंत तोंडातून काढायचं नाही अशी आमच्यात रीत, आणि त्या रीतीच्या पक्क्या. तूही चल, एवढंच त्यांनी मला सांगितलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझी सवत मागायला मलाच चालवत न्यायचं, ही कुठली तऱ्हा? पण सुनेने रागावायचं ते चुलीवर, तसं मी रागावून घेतलं.

माघात एका सकाळी आम्ही आळीतल्या बायका अनवाणी निघालो. सोबतीला म्हणून एक म्हातारे चुलतसासरे काठी टेकत मागून येत होते. पायी नवसाला एक नियम असतो: जिचा नवस तिच्यापुढे कुणी पाऊल टाकायचं नाही. सासूबाईंचा गुडघा आधीच धरलेला, म्हणजे सगळा घोळका त्यांच्या चालीने. एखादी सावली दिसली की त्या बसत आणि आम्हीही बसत असू. बायकांनी बोरं वेचली, चिंचा पाडल्या, माहेरच्या गोष्टी काढल्या. घरी पाण्याचा घोटसुद्धा उभ्यानेच पिणाऱ्या या बायका, त्यांना कुणी लवकर आटपा म्हणणारं नव्हतं. त्यांची चंगळ झाली. माझे पाय मात्र अजून लटपटत होते. पण माझा श्वास फुलला की नेमका सासूबाईंचा गुडघा दुखायचा, म्हणून निभावलं.

शहाडला नदी आडवी आली. पलीकडे होडीतून जायचं, आणि तिथेच सासूबाई अडल्या. पायी म्हणजे पायी, होडीत बसलं तर नवस मोडेल, हे त्यांच्या मनाने घेतलं. नदी म्हणजे काही रस्ता नव्हे, असं काकूंनी परोपरीने समजावलं. शेवटी सासूबाई होडीत चढल्या त्या उभ्याच, आणि होडी सुटताच जागच्या जागी चालायला लागल्या.

होडीवाला कोळी कळवळून म्हणाला, "आये, खाली बस गो. होरी हलते."

"तू वल्हव. मी चालते," सासूबाई म्हणाल्या.

मी त्यांचा दंड घट्ट धरून ठेवला. राग होता, पण त्यांना नदीत जाऊ द्यायचं नव्हतं. त्या नऊवारीचा ओचा सावरत पाऊल उचलत होत्या, ठेवत होत्या, आणि पुढे एक तसूही सरकत नव्हत्या. मला हसू फुटलं. श्रावणापासून मी हसले नव्हते. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं आणि अधिकच जोरात चालायला लागल्या. मग सगळी होडीच हसली. चुलतसासरे तेवढे डोळे मिटून देवाचं नाव घेत होते.

देवळात पोचलो तेव्हा माझं हसू पार मावळलं होतं. आता नवस बोलून फेडायचा, म्हणजे आळीसमोर माझा निकाल लागायचा. पुजाऱ्यांनी नारळ हातात घेऊन विचारलं, बाई, नवस कशाचा? काकू ऐकायला पुढे सरकल्या. मी खांबाला टेकले.

"ही माझी सून तापातून उठली, तर तिला घेऊन पायी येईन, असं बोलले होते," सासूबाई म्हणाल्या. "उठली. घेऊन आले."

पुजाऱ्यांनी नारळ वाढवला. आणि आता नातवाचं मागणं घालू ना, असं त्यांनी सवयीने विचारलं.

"नको," सासूबाई म्हणाल्या. "मागायचं ते मागून झालं. मिळालं."

काकू नमस्काराला वाकल्या त्या बराच वेळ वाकूनच राहिल्या. मी बाहेर तळ्याच्या पायरीवर येऊन बसले आणि पोटभर रडले. मला आईच्या पोटातून दुसऱ्यांदा बाहेर आल्यासारखं वाटत होतं. सासूबाई येऊन शेजारी टेकल्या. परतायला उशीर होतोय म्हणून कुणीतरी मला उठवायला आलं, तेव्हा तिला त्यांनी हातानेच थांबवलं.