वादळपंखाचे काळे पंख

कॉमिकातल्या वादळपंखाचे ते काळे पंख पाहिले की मी आजही पान उलटून टाकते. लोक म्हणे त्यांच्यावर जीव टाकतात. टाकोत बापडे. ते पंख कामचुकारपणातून जन्मले, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय.

दुसऱ्या महायुद्धाच्या, लढाईच्या वर्षांत माझा भाऊ मेंडल मॅनहॅटनमधल्या एका कॉमिकवाल्याकडे पेन्सिलीचं काम करायचा. पाठीवर पंख असलेला, गुंडांना उचलून नेणारा वादळपंख त्याच्याच डोक्यातून निघाला. आमच्या ब्रुकलिनच्या गच्चीवर शेजाऱ्याची कबुतरं असायची. मेंडल त्यांचे पंख हातात धरून उलगडून बघायचा आणि कागदावर पीस न् पीस काढायचा. मग ते पान शाई भरायला व्हितोकडे जाई. त्या मेल्याला कायम घरी पळायची घाई. पिसं कोण गिरवत बसणार? तो जाडा ब्रश घेऊन अख्खा पंख काळा करून मोकळा व्हायचा. खाली सही मालकाची. सगळीकडे तीच रीत होती.

"फ्रुमा, माझं पाखरू डांबरात बुडवलं गं त्यानं," मेंडल जेवता जेवता म्हणायचा, आणि ताटातला हेरिंग मासा तसाच राहायचा.

लढाई संपली, वादळपंखही बंद पडला. मेंडल साबणाच्या खोक्यांवर हसऱ्या बायका काढत म्हातारा झाला. लग्न नाही, मित्र नाहीत. कुणी काय करता विचारलं तर म्हणायचा, "साबण."

वीसेक वर्षांनी बातमी आली की वादळपंख पुन्हा काढणार आहेत आणि चित्रकार हवेत. मेंडलनं साबणाचं काम बाजूला टाकलं आणि एक पान काढलं. काय पंख होते ते! एकट्यानं जायचा धीर होईना, म्हणून मला बरोबर नेलं.

संपादक डग्लस माझ्या भाच्याच्या वयाचा. टेबलावरचे पाय खाली घ्यायचीही लाज नाही. पान बघून म्हणाला, "हात छान आहे काका. पण हे पंख? कोंबडी सोलायला बसलात का?" मग भिंतीवरची जुनी मुखपृष्ठं दाखवली. सगळे पंख ठार काळे. "मूळ पंख असे होते. त्या काळ्या रंगातच तर खरी प्रतिभा आहे!"

व्हितोची प्रतिभा! मला शिसारी आली.

"अरे, वादळपंख यानंच जन्माला घातलाय," मी म्हणाले.

"मावशी, पन्नाशी उलटलेला जो तो इथं येऊन हेच सांगतो. सही कुठंय यांची?"

मी मेंडलची बाही ओढली. "ऊठ. थुंक यांच्या तोंडावर आणि घरी चल."

तो उठला नाही. खाली मान घालून म्हणाला, "ब्रश मिळेल?"

ब्रश मिळाला. माझ्या भावानं स्वतःच्या हातानं, स्वतः काढलेलं एकेक पीस शाईत बुजवलं. अगदी मन लावून, कडेला एक पांढरा ठिपकाही न ठेवता. व्हितोनंसुद्धा इतकं नीट कधी केलं नव्हतं. मला त्या डग्लसची किळस आली, आणि देवा, त्याहून जास्त मेंडलची.

"हां, आता कसं!" डग्लस म्हणाला. "जमतंय की तुम्हाला. आमची मुलं शिकवतील बाकीचं."

मेंडलचा चेहरा आनंदानं फुलला होता. तो खोटं हसत असता तर मी समजून घेतलं असतं.

"उपकार झाले, साहेब," तो म्हणाला. "उद्या किती वाजता येऊ?"