गोधडीची बंडी

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मी गिरगावातून लालबागेला पायगाडीवरून कामाला जात असे. आता बायसिकल कुणीही चालवतो. तेव्हा आमच्या चाळीत ती पहिलीच होती. मी एका गिरणीच्या इंजिनखात्यात फिटर होतो. तिथला गोरा इंजिनियर विलायतेला परत निघाला तेव्हा आपली जुनी गाडी मला देऊन गेला. चाकांना भरीव रबराच्या धावा, आणि ब्रेक म्हणजे पुढच्या चाकावर घासणारी लोखंडी पट्टी. चाक फिरेल तोवर पायही फिरवत राहायचे. मध्येच पाय रोखले की गाडी अंगावरच्या माणसाला उडवून द्यायची.

रस्त्यावर माझं कुणाशी पटत नव्हतं. कुत्री पोटरीला लागायची. बैल बुजायचे, आणि बैलवाले आसूड उगारून मागे धावायचे. भायखळ्याला एका हमालानं निव्वळ मजा म्हणून चाकात काठी घातली. मी हनुवटीवर आपटलो, खालचे दात हलले. उठून मी त्याच्या थोबाडीत मारली, त्यानं माझ्या पोटात लाथ घातली. लोकांनी हसून हसून पोटं धरली. रक्तानं भरलेलं तोंड घेऊन मी घरी आलो.

घरी माझी थोरली बहीण होती. तिचा नवरा गिरगावातल्या वाड्यांमध्ये माडांवर चढून माडी काढायचा. एका सकाळी त्याचा पाय सुटला आणि तो विहिरीच्या कठड्यावर पडला. तेव्हापासून आक्का माझ्याकडे राहायची आणि गोधड्या शिवायची. तिनं माझं तोंड धुतलं, ओठाला हळद लावली आणि म्हणाली, "ती गाडी दे फेकून."

"आणि कामावर कसा जाऊ? तिची सवय झालीय गं आता."

"मग मी देईन ते अंगात घालायचं. एक फुटलेलं डोकं मी मांडीवर घेतलंय. दुसरं घ्यायची नाही."

तिनं मला बंडी शिवली. जुन्या लुगड्यांचे थर, मध्ये गिरणीतला टाकाऊ कापूस, वरून गोणपाट, आणि त्यावर गोधडीसारखे जवळजवळ टाके. बाह्या मनगटापर्यंत, गळ्याशी उभी जाड पट्टी. फेट्याच्या आतही तिनं तशीच एक टोपी शिवून घातली आणि फेट्याचं टोक हनुवटीखालून घेऊन बांधायला लावलं. त्या अवतारात मी घामानं निथळायचो. गिरणीच्या दारावर हाका सुरू व्हायच्या, "गादीवालो इलो रे!" काही जण तर खरोखरच पाठीत गुद्दे घालून बघायचे, लागतं की नाही ते.

तो अपघात झाला भर दुपारी. इंजिनाचं एक बेअरिंग गेलं होतं आणि मला भायखळ्याच्या एका कारखान्यातून त्याचं पितळी कडं, म्हणजे बुश, आणायला पाठवलं होतं. बुश पिशवीत घालून, पिशवी खांद्याला अडकवून मी परत येत होतो. लालबागेत पुढे कापसाच्या गाठींनी लादलेला खटारा चालला होता. त्याच्या धुळीत मला श्वास घेता येईना, म्हणून मी उजवीकडून पुढे काढायला गेलो. आणि समोरून एका घोड्याची भाड्याची व्हिक्टोरिया भरधाव आली.

मी पट्टी दाबली. गाडी थांबली नाही. घोडा दोन पायांवर उभा राहिला, त्याचं पोट क्षणभर माझ्या डोक्यावर होतं, आणि तो खाली आला तो माझ्या हँडलवर. लोखंड त्याच्या छातीत घुसल्याचा ओला आवाज मी ऐकला. मी हवेत गेलो आणि डोक्यावर पडलो. रस्त्याकडेला फरशीचा एक दगड होता, त्यावर. डोळ्यांपुढे पांढरं झालं, पण शुद्ध गेली नाही. मी गुडघ्यांवर उठतोय तोच घोड्याची मागची लाथ पाठीत बसली आणि मी पुन्हा तोंडावर घसरलो. दोन्ही तळहातांची सालटी निघाली. धोतर फाटून डावा गुडघा खडीवर असा सोलला की आत पांढरं दिसत होतं. बुश गडगडत गटारात गेला. व्हिक्टोरियाचं चाक माझ्या पायगाडीवरून गेलं आणि तिचा सांगाडा मोडला.

व्हिक्टोरियातला उतारू उडी मारून पळाला. गाडीवान खाली उतरला तो चाबूक घेऊनच. साताऱ्याकडचा, रुंद छातीचा, माझ्यापेक्षा वयानं मोठा माणूस.

"जनावर मारलंस की रं माझं! आंधळा हाईस का?"

पहिला फटका खांद्यावर, दुसरा पाठीवर. तो जीव खाऊन मारत होता. चाबकाचा आवाज कानाशी फुटत होता, पण आत पोचत होता तो नुसता धक्का. मार लागत नाही हे त्याच्या लक्षात आलं तसा तो आणखी चवताळला आणि चाबूक उलटा करून मुठीनं डोक्यात घालू लागला. एक फटका कानशिलाखाली उघड्या गालावर बसला. तिथली कातडी फाटली आणि माझाही ताबा सुटला. मी त्याच्या कमरेला मिठी मारून त्याला खाली पाडलं आणि सोललेल्या हातांनी त्याचं तोंड झोडपू लागलो. त्यानं माझा अंगठा चावला. मी त्याचं डोकं धरून जमिनीवर आपटलं. वेदना, भीती, उन्हाचा ताप, सगळं त्या एका माणसाच्या तोंडावर काढत होतो.

पुढेच आमच्या गिरणीचं दार होतं, आणि दुपारची सुट्टी झाली होती. दारातून माणसं धावत आली. त्यांच्यापैकीच एका बाईचा पाय गेल्या आठवड्यात अशाच एका भाड्याच्या गाडीखाली चिरडला होता आणि गाडीवान पळून गेला होता. आता त्यांना एक गाडीवान सापडला.

"आपल्या फिटराक मारल्यान! ठार मारा त्याका!"

लाकडी दांडे, चपला, कुणाच्या हातात लोखंडी पाना. सगळे एकदम तुटून पडले. मी वर होतो, गाडीवान खाली. त्याला वाचवायला मी वर पडलो होतो असं पुढे काही जण सांगत, पण तसं काही नव्हतं. आम्ही एकमेकांचे गळे धरले होते आणि सुटायला जागाच नव्हती. दांडे कुणाला लागताहेत हे मारणाऱ्यांना कळत नव्हतं, किंवा कळूनही हात थांबत नव्हते. पाठीवर, खांद्यांवर, डोक्यावर धपाधप पडत होते. बंडीचे टाके तुटल्याचं मला ऐकू येत होतं. खालचा माणूस ओरडायचा थांबला. त्याचे डोळे माझ्या डोळ्यांपासून वीतभर अंतरावर होते. त्याची बोटं माझ्या गळ्यावरून सुटली आणि त्यानं तोंड माझ्या छातीशी, त्या गोणपाटात, खुपसलं. मग मीही त्याला मारायचं थांबलो. का, ते सांगता येत नाही. मारायला समोर तोंडच उरलं नव्हतं, एवढं खरं.

"थांबा रे! मी आसंय, मी!" मी ओरडत होतो. कोण ऐकतो!

पिवळ्या पगडीचे दोन पोलीस शिपाई सोटे चालवत गर्दीत घुसले तेव्हा लोक पांगले. शिपायांनी आम्हाला ओढून वेगळं केलं आणि आम्हा दोघांनाही एकेक सोटा हाणला, कुणाची चूक हे विचारायच्या आधी. माझ्या पाठीवरचा सोटा बंडीवर गेला. गाडीवानाचा उघड्या दंडावर. त्याचा हात लुळा पडून लोंबू लागला.

"हाड मोडलं," तो म्हणाला. त्याच्या स्वरात राग नव्हता. तो हात दुसऱ्या हातात धरून तो घोड्याकडे गेला. घोडा खटाऱ्याला टेकून थरथरत उभा होता, छातीवरून रक्त पुढच्या पायांवर उतरत होतं. गाडीवानानं डोक्याचं मुंडासं सोडलं आणि एका हातानं ते जखमेत कोंबू लागला. त्याला जमेना. मी लंगडत गेलो आणि दुसरं टोक धरलं. घोड्यानं माझ्या खांद्याला कडकडून चावा घेतला. तोही बंडीनंच झेलला.

"त्याला तुझा वास बी नको," गाडीवान म्हणाला. "तरी धर. जोरात दाब."

आम्ही रक्त थांबेपर्यंत दाबून धरलं. शिपायांनी नंतर पंचनामा काय केला मला माहीत नाही. दोघांनाही दम देऊन सोडून दिलं. गटारातून बुश काढून मी गिरणीत नेऊन दिला आणि तिथेच भोवळ येऊन पडलो.

संध्याकाळी दोघा सोबत्यांनी मला घरी आणलं. आक्कानं बंडी अंगावरून सोडवली. पाठीवर काळेनिळे पट्टे होते, पण हाड एकही मोडलं नव्हतं. आतल्या टोपीत ती बराच वेळ बोटं फिरवत राहिली. दगडावर आदळलं होतं तिथला कापूस दबून पुठ्ठ्यासारखा झाला होता. ती रडेल असं मला वाटलं. तिनं माझा गुडघा उघडला, खडी काढायला लागली आणि मी किंचाळलो.

"ओरड," ती म्हणाली. "इथं काही घातलं नव्हतं म्हणून ओरडतोयस. पाठीला हात लावते तेव्हा ओरडत नाहीस."

गुडघ्यात पू झाला. इस्पितळात चिरा देऊन तो काढला, आणि तेव्हापासून डावा पाय पुरता वाकत नाही. चालायला लागल्यावर मी गाडीचा मोडलेला सांगाडा सांधून ती ठाकठीक केली आणि एका मोच्याकडून म्हशीच्या चामड्याचे हातमोजे आणि गुडघ्यांच्या वाट्या करवून घेतल्या. तो माप घेताना हसला. मी हसू दिलं. आक्कानं बंडी उसवून नवीन कापूस भरला, आणि पुढे गिरणीच्या दारावर पाठीत गुद्दे घालायला कुणी आलं नाही.

बऱ्याच दिवसांनी भायखळ्याच्या नाक्यावर तो गाडीवान आपल्या व्हिक्टोरियापाशी उभा दिसला. हात बांबूच्या कामट्यांमधून सुटला होता, पण कोपरात वाकडा राहिला होता. मी गाडीवरून उतरलो.

"जनावर बरं आहे?" मी विचारलं.

"हाय. तुझा पाय?"

"पुरता वाकत नाही."

त्यानं मान हलवली. इतक्यात घोड्यानं कान मागे पाडले, दात दाखवले आणि पुढचा पाय दगडावर जोरानं आपटला. गाडीवानानं लगाम आखडून धरला.

"जा तू," तो म्हणाला. "माझं राहू दे, ह्यो न्हाई इसरायचा."

मी गाडी हातात धरून, घोड्यापासून लांबून, नाका ओलांडला.