दुखवट्यातला टीव्ही

मंडळी, मी इथे फारसं लिहीत नाही, पण आज गोंधळलोय.

बाबांना जाऊन तीन आठवडे झाले. पाहुणे परत गेले, मीही इथे तमिळ मुलखात, ओरगडमच्या कारखान्यात पुन्हा रुजू झालो. निघताना आत्या बजावून गेली होती, "मासिक होईपर्यंत टीव्ही लावायचा नाही." आमच्याकडे तशीच रीत आहे.

आज संध्याकाळी घरी आलो, तर सरकारी मराठी वाहिनी चालू. द्राक्षांवरच्या रोगाची माहिती चालली होती. आमची शेती नाही. आई टीव्हीकडे पाठ करून भाजी निवडत होती आणि मधूनच "हो का?" म्हणत होती.

मला पाहताच ती दचकली. "बंद करते रे. तू गेलास की दिवसभर मराठी शब्द कानावर पडत नाही. शेजारच्या तमिळ मामी येतात, पण एकमेकींची भाषा कळत नाही, आम्ही दोघी नुसत्या हसतो. आधी हे असायचे बोलायला."

तेवढ्यात आत्याचा फोन आला.

"आवाज कुणाचा रे? टीव्ही लावलात की काय?"

आईचा हात बटणापाशी थांबला.

"नाही आत्या. आईला भेटायला गावाकडची माणसं आलीत."

"बरं झालं. चहा दे त्यांना."

खोटं बोललो, त्याचं वाईट वाटतंय. तरी उद्या कामावर जाताना टीव्ही बहुतेक मीच लावून जाईन. यात बाबांचा मान कमी होतो का? मला खरंच कळत नाहीये. परमुलखात तुम्ही दुखवटा कसा पाळता?