वाणात दिलेला डॉलर

नागपूरच्या विमानतळावर दारावरच्या जवानानं अडवलं, तेव्हा कुठं बाबांच्या हातून माझी बॅग सुटली. वेगळ्या विदर्भाची पोस्टरं चिकटवण्यात अर्धं आयुष्य घालवलेला माणूस. रडले नाहीत. म्हणाले, "राजकारणात पडशीलच तू, पोट्टी माझीच आहेस. पण दहा दारं ठोठावशील, तर दहाही दारांवर एकच गोष्ट सांगजो."

बाबा, तुमचं सोपं होतं. विदर्भ वेगळा झाला असता तरी खिशातली नोट तीच राहणार होती. उद्यापासून भाजी कशात घ्यायची, असं तुम्हाला कुणी विचारलं नाही. इथं क्यूबेक वेगळा देश मागतंय, आणि दार उघडलं की पहिला प्रश्न तोच: डॉलरचं काय?

मी शिकायला म्हणून मॉन्ट्रियलला लागून असलेल्या लव्हालला आले, शोभाकाकूंच्या बेसमेंटमध्ये भाड्यानं राहिले. काकू धरमपेठच्या, काका रिटायर्ड इंजिनिअर. मी फ्रेंच शिकले. स्वतःच्या भाषेसाठी इतकी हट्टी माणसं बघितली आणि मला बाबाच आठवले. स्वतंत्र क्यूबेक मागणाऱ्या संघटनेत गेले. बर्फ शोव्हल न केलेल्या पायऱ्या चढून पत्रकं वाटली. मी पीआर, म्हणजे कायमची रहिवासी पण नागरिक नाही; सार्वमतात मला मत नाही. पण तोंड होतं.

तिकडं दुसऱ्या प्रांतातल्या किचनर शहरातून काकूंचा मुलगा रोज फोनवर मागं लागलेला: "आई, वेगळे झाले तर पेन्शनचं काय? घर विक, इकडं मूव्ह हो." त्यानं कॉन्डोसुद्धा बघून ठेवला होता.

संघटनेनं आम्हा बाहेरून आलेल्यांसाठी आमच्या-आमच्या भाषांत पत्रक काढलं. मराठी मी केलं. "स्वतंत्र क्यूबेकमध्येही डॉलर तोच. पेन्शन, बचत, घराचं कर्ज, काहीही बदलणार नाही." संक्रांतीला काकूंकडं हळदीकुंकू होतं. वाण म्हणून स्टीलच्या वाट्या होत्या, प्रत्येक वाटीत मी एक पत्रक गुंडाळून ठेवलं. बायका हसल्या. "वाणात प्रचार? पुढच्या वर्षी मतपेटीच दे गं!" पण वाणाला कुणी नाही म्हणत नाही. सगळ्यांनी नेलं. काकूंनी पत्रक फ्रिजवर लावलं आणि मुलाला सांगून टाकलं, "नाही येत आम्ही. पोरीनं लिहून दिलंय."

बर्फ वितळायला लागला तेव्हा मॉन्ट्रियलच्या पूर्व भागात, कोपऱ्यावरच्या देपानरमध्ये, म्हणजे किराणा दुकानात, दूध घ्यायला शिरले. काउंटरवर आमचंच पत्रक, फ्रेंचमधलं. "आपला देश, आपली नोट, आपली बँक. ओटावाच्या डॉलरला निरोप." मला वाटलं, विरोधकांचा खोडसाळपणा. तसंच ऑफिस गाठलं. आमच्या भागाचा प्रमुख मात्यू. त्यानं कॉफीचा कपही खाली ठेवला नाही. "दोन्ही आमचीच. चलन आपलंच काढायचं, हे ठरलंय. पण तुमचे लोक घाबरतात, त्यांना नंतर सांगू."

तुमचे लोक! कालपर्यंत हाच माणूस मला "नू" म्हणायचा. नू, म्हणजे आपण.

ऐका. स्वतःची नोट काढणं चूक आहे, असं मी म्हणत नाही. ज्या देशाचा व्याजदर दुसऱ्या देशाची बँक ठरवते, तो अर्धाच देश. हे मी कुणाशीही भांडून सांगेन. पण मग काकूंच्या तोंडावर सांगा ना, की नवी नोट घसरू शकते, पेन्शन आक्रसू शकते, आणि तरीही आम्हाला देश हवाय. तेवढी हिंमत हवी. फ्रेंच दारांना तुम्ही देश दिलात, आमच्या दारांना अंगाई.

दुरुस्तीचं पत्रक काढा म्हटलं, तर "मतदानानंतर बघू." मग मी त्या फ्रेंच पत्रकाचं मराठी केलं, लायब्ररीत प्रिंट केलं आणि हळदीकुंकवाला आलेल्या प्रत्येकीच्या दारात गेले. काकूंकडं सगळ्यात शेवटी.

काकूंनी उभ्यानंच वाचलं. "तुले माहीत होतं?"

"नाही, काकू."

त्यांनी फ्रिजवरचं जुनं पत्रक काढलं. "दिलेलं वाण परत मागत नाहीत, वाट्या गेल्या त्या गेल्या. हा कागद मात्र त्या मात्यूला नेऊन दे. म्हणावं, काकूला फ्रेंच येत नाही, मराठी येते. लिहिलेलं समजतं." मग मुलाला फोन लावला. "येतोय आम्ही."

घराला गिऱ्हाईक मिळेपर्यंत मी खाली बेसमेंटमध्ये आहे. वर कुणाची पावलं वाजत नाहीत. नागपूरचे मित्र म्हणतात, परत ये. कॅल्गरीची मैत्रीण म्हणते, इकडं ये, आमच्या प्रांतातही वेगळं व्हायची भाषा सुरू झालीय. तिला मी एवढंच कळवलं: ते डॉलरबद्दल तुला काय सांगतात ते ऐक, आणि मग शेजारच्या गोऱ्या बाईला काय सांगतात तेही विचार.

नागपूर सोडलं तेव्हा वाटलं, घर मागं राहिलं. आता वाटतं, आपल्या तोंडून गेलेल्या शब्दासाठी ज्या दारात पुन्हा जाऊन उभं राहावं लागतं, ते घर. मात्यूला असं दार लव्हालमध्ये एकही नाही. मला आहेत. संघटना सोडली, दारं सोडली नाहीत. बाबा, आता सगळीकडं एकच सांगते: ते आले की डॉलरचं विचारा, आणि उत्तर मराठीत लिहून मागा, खाली त्यांच्या सहीसकट.