हस्ताची अर्धी बाटली

छापील पत्रकं वाचूनच मी शहाणा झालो, असं माझं मत होतं. गावातल्या भिंतींवर चिकटवलेल्या माझ्या पत्रकांचा मथळा ठरलेला असे: ‘सत्य लपवणारा जनतेचा शत्रू!’ त्यामुळे कॉलेजातल्या सरांनी पावसाचं पाणी गोळा करायला सांगितलं, तेव्हा मी लगेच हो म्हटलं.

सरांचं म्हणणं सोपं होतं. पाण्यात थोडं जड पाणीही मिसळलेलं असतं. ढग बरसत बरसत पुढे जातो तसं जड पाणी आधी गळतं आणि उरलेला ढग हलका होत जातो. मुंबईच्या यंत्रावर मोजलं की पाऊस किती लांबून आला, याचा अंदाज बांधता येतो. सरांना हवा होता हस्त नक्षत्राचा पाऊस: तो पश्चिमेच्या समुद्राचा की पूर्वेच्या?

रिठदला काकूच्या मळ्यात मी राहत होतो. तिला हे सांगितलं तर ती हसली.

“जड पानी? घागर डोक्यावर घे, मंग सांग कोनतं हलकं हाये ते!”

त्या वर्षी हस्त कोरडाच चालला होता. शेवटी एका दुपारी तासभर पावसाची सर आली. बाटली अर्धी भरली. सरांनी बजावल्याप्रमाणे पाणी जिथवर होतं तिथे बाटलीवर चिकटवलेल्या कागदाच्या पट्टीवर मी निळ्या पेन्सिलीने रेघ ओढली. बूच लावलं आणि त्यावर मेण ओतता यावं म्हणून मेणबत्ती आणायला दुकानात गेलो.

परत येऊन पाहतो तर बाटली काठोकाठ भरलेली.

“काकू, हे काय केलंस?”

“भरली. मास्तराची बाटली अर्धी धाडतं का कोनी? म्हनतीन, याइच्या घरी पानीबी नाई!”

आमच्याकडे परक्याचं भांडं रितं किंवा अर्धं परत करत नाहीत. काकूने माणुसकी पाळली होती, आणि अख्ख्या हस्तातला तेवढा एकच पाऊस विहिरीच्या पाण्यात बुडाला होता. त्यानंतर आभाळ लख्ख निघालं.

माझ्या मनात काय आलं ते सांगतो. गुपचूप अर्धं ओतून द्यावं, पाणी रेघेवर आणावं, मेण लावावं, मोटारीवर चढवावं. कोणाला कळणार? सरांनी गावोगावच्या मुलांतून मला निवडलं होतं. त्यांच्यापुढे बावळट ठरायचं नव्हतं.

मी बूच काढलं. काकू पाहतच होती.

“आता सांडून काहून राह्यला?”

कारण सांगितलं. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“मंग चिठ्ठीत लिहून टाक ना. काकूनं विहिरीचं पानी टाकलं. म्या काही चोरून नाई टाकलं!”

माझे कान तापले. तिचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं, काठोकाठ भरलेल्या बाटलीला तसंच मेण लावलं आणि ती रवाना केली.

आठवड्याने सरांचं पत्र आलं. मला वाटलं, हजामत. पण ते खुशीत होते. रेघेखाली पाऊस, रेघेवर विहीर, म्हणजे प्रमाण ठाऊक आहे; आता त्याच विहिरीचं पाणी वेगळं पाठव, वजाबाकी करू.

मोटारीचा कंडक्टर बाटली हलवून म्हणाला, “विहिरीचं पानी मुंबईले? तिथं नळ नाई का, बाप्पा?”

उन्हाळ्यात उत्तर आलं. मी ओट्यावर मोठ्याने वाचलं: पाणी बरंच हलकं निघालं, वाटेत पुष्कळ बरसून आलेलं, बहुधा पूर्वेकडून.

“बहुधा म्हंजे?” काकूने विचारलं.

“पक्कं नाही. एका बाटलीवर सांगता येत नाही म्हणे.”

“खरं बोलून राह्यला मास्तर,” ती म्हणाली. “यंदा चार ठेव. अन् मले आधी सांगत जाय, कोनत्या बाटलीले हात लावाचा नाई ते.”