खरी वेळ पाचची

गेल्या मे महिन्यात मी चौदा कुटुंबांना एक खरी गोष्ट सांगितली आणि त्यातल्या बारांनी ती खोटी समजली. दोष त्यांचा नव्हता. तशी सवय त्यांना मीच लावली होती, चांगली मेहनत घेऊन, वर्षभर.

माझी मुलगी सहावीत गेल्यावर शाळेच्या ऑर्केस्ट्रात व्हायोला, म्हणजे जरा मोठं व्हायोलिन, वाजवायला लागली. लवकरच ऑर्केस्ट्राच्या बाईंना दोन शोध लागले. एक, अमेरिकेतल्या अर्विंगच्या या शाळेत निम्मी वाद्यं भारतीय घरांतून येतात. दोन, त्या घरांत कुणीही शाळेचे ईमेल वाचत नाही. त्यांना एक मध्यस्थ हवा होता. पालकसभेत सगळे हुशार लोक आपापल्या फोनकडे बघत होते आणि मी एकटा बाईंकडे बघत होतो. झालो मध्यस्थ.

काम म्हणजे व्हॉट्सॲपवर ग्रुप काढायचा आणि कॉन्सर्टच्या आधी लोकांना तयार करायचं. नखशिखान्त काळे कपडे. मोजेसुद्धा काळे, हो, दिसत नसले तरी काळे. एका आजींनी फोन करून मला फैलावर घेतलं, "अरे, संक्रांत नाही काही नाही, आणि पोरांना डोक्यापासून पायापर्यंत काळं? कुणी सुचवलं हे?" मी म्हटलं, "आजी, इथल्या वाजवणाऱ्यांची रीत आहे." त्या म्हणाल्या, "रीत कसली, अवलक्षण आहे." आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे कॉल टाइम. मूल वाद्यासकट खुर्चीत कधी बसलेलं हवं, ती वेळ.

पहिल्या कॉन्सर्टला मी खरी वेळ कळवली. सहाजण वेळेवर आले, बाकीचे आपल्या सवडीनं. एक कुटुंब तर व्हायोलिन घरी ठेवून आलं आणि बापानं मला विचारलं, "एखादं जास्तीचं आहे का हो?" बाईंनी माझ्याकडे नुसतं बघितलं. दुसऱ्या कॉन्सर्टला मी अक्कल चालवली आणि सरळ एक तास आधीची वेळ सांगितली. सगळे हजर! बाईंनी सर्वांसमोर माझे आभार मानले, टाळ्या वाजल्या. खोटं बोलून इतका मान मला आधी कधी मिळाला नव्हता.

तिसऱ्या वेळी कुणाच्या तरी मुलाच्या दप्तरात शाळेचा कागद सापडला. ग्रुपवर मेसेज आला, "दादा, तुमचं घड्याळ एक तास पुढे पळतं काय?" मग हसण्याचे चेहरे, ढिगानं. पण गंमत अशी की काहीच बिघडलं नाही. मी एक तास आधीची वेळ सांगायची, त्यांनी मनात एक तास मिळवायचा, आणि सगळ्यांनी नेमक्या वेळी पोचायचं. सगळ्यांना ठाऊक असलेलं एक खोटं आमच्यात गुण्यागोविंदानं नांदत होतं. मी ते तसंच नांदू द्यायला हवं होतं.

चौथा कॉन्सर्ट मेमधला, वर्षातला शेवटचा. या वेळी तो आमच्या शाळेच्या कॅफेटेरियात नव्हता, हायस्कूलच्या मोठ्या सभागृहात होता. पाच वाजता कॉल टाइम, सहाला सुरुवात, कारण आमच्यानंतर लगेच तिथे दुसऱ्यांचा कार्यक्रम. बाईंनी मला बाजूला घेऊन बजावलं, की सुरुवात झाल्यावर कुणालाही स्टेजवर चढता येणार नाही, तेव्हा घराघरांत नेमकी वेळ पोचव.

त्यांचा तो गंभीर चेहरा बघून मला प्रामाणिकपणाचा झटका आला. मी ग्रुपवर लिहिलं, "कॉल टाइम पाच. खरी वेळ पाचची." खाली हायस्कूलचा पत्ता, ठळक अक्षरांत. त्यावर बारा अंगठे आले. मला वाटलं, लोकांना समजलं.

आता त्या मुलीचं सांगतो. आमच्या ऑर्केस्ट्रातली पहिली चेलोवाली, म्हणजे चेलोच्या रांगेत पहिली खुर्ची तिची, बारा वर्षांची. पहिल्याच रचनेत तिचा सोलो होता. सोळा ओळी, बाकी सगळे थांबायचे आणि ही एकटी वाजवायची. तिचे बाबा व्हिसाच्या शिक्क्यासाठी मार्चमध्ये भारतात गेले होते, तीन आठवड्यांसाठी म्हणून. अपॉइंटमेंट रद्द झाली, पुढची मिळाली तीही सरकली, आणि ते नाशिकला आईवडिलांकडे अडकून बसले. इथली संध्याकाळ म्हणजे त्यांची पहाट. रोज पहाटे उठून ते व्हिडिओ कॉलवर तिचा सराव ऐकायचे. दोन महिने. कॉन्सर्टच्या आदल्या दिवशी त्यांनी मला फोन केला.

"दादा, साडेचारला सुरू होईल ना आमच्याकडे? मी साडेतीनचा गजर लावलाय. आईबाबांनाही उठवणार आहे."

"तुम्ही निश्चिंत राहा," मी म्हटलं. "माझी बायको समोर बसून कॉल लावेल. एक सूर चुकणार नाही तुमचा."

गुरुवारी पाच वाजता सभागृहात आमच्या चौदापैकी दोन मुलं होती. त्यातली एक माझी.

मी फोन लावायला सुरुवात केली. "अहो, अजून तास आहे ना?" "निघतोच आहोत, तुमचे पाच म्हणजे सहा, माहितीये आम्हाला!" एक गृहस्थ तर मला शाबासकी देत होते, "पण 'खरी वेळ' हे भारी लिहिलंत यार या वेळी. आम्ही दोघं केवढे हसलो." मी ओरडत होतो, विनवत होतो, आणि मी जितकं जास्त विनवत होतो तितकं त्यांना ते माझ्या नाटकाचा भाग वाटत होतं. अखेर मी बायकोला फोन दिला. तिचा आवाज ऐकल्यावर लोक धावत सुटले. पावणेसहापर्यंत एकेक करून सगळी येणार होती. फक्त चेलोवाली नाही. तिच्या आईचा फोन मी शेवटी लावला होता, कारण त्या कधी उशीर करत नाहीत.

"वहिनी, कुठे आहात?"

"ऑफिसातून निघतेय. तिला घेते आणि सहाला पोचते. म्हणजे तुमच्या पाचला." त्या हसल्या.

"वहिनी, या वेळी पाच म्हणजे पाच आहेत."

पलीकडे गाडीचं दार आपटलं. मग त्या एवढंच म्हणाल्या, "दादा, तिचे बाबा उठून बसलेत हो."

"तुम्ही थेट इकडे या. मी तिला आणतो," असं म्हणून मी पळालो.

त्यांचं अपार्टमेंट बारा मिनिटांवर. मुलीनं दार उघडलं तेव्हा तिच्या हातात पोह्यांची बशी होती आणि केस ओले. मी म्हटलं, "चल, आत्ता." तिनं माझ्याकडे बघितलं आणि एकही प्रश्न न विचारता बशी खाली ठेवली. पाच मिनिटांत ती काळ्या कपड्यांत तयार. चेलो पुढच्या सीटवर आडवा घातला, त्याला पट्टा लावला, ती मागे बसली. पाच वाजून पस्तीस मिनिटं. पोचलो असतो. अगदी सहज पोचलो असतो.

मी गाडी अशी हाणली की आयुष्यात हाणली नव्हती. पिवळे दिवे गाठले, एका ट्रकवाल्याच्या शिव्या खाल्ल्या, आणि झोकात वळून पार्किंगमध्ये गाडी लावली. पार्किंग रिकामं होतं. मागून आवाज आला.

"काका, इट्स ॲट द हायस्कूल, राइट?"

मी आमच्याच शाळेच्या दारात उभा होतो. ज्यानं पत्ता ठळक अक्षरांत लिहिला होता तो मी, आधीचे तिन्ही कॉन्सर्ट जिथे झाले तिथेच सवयीनं येऊन थांबलो होतो. "राइट," म्हटलं आणि गाडी मागे घेतली. मधल्या रस्त्यावर बांधकाम चालू, दोन लेन बंद. आम्ही रांगेत उभे. आरशात ती दिसत होती. ती रडत नव्हती. मांडीवर डाव्या हाताची बोटं हलवत होती, सोळा ओळी, पुन्हा पहिल्यापासून. मी मनात म्हणत होतो, बाई पाच मिनिटं थांबतील, एवढ्यासाठी कोण थांबणार नाही? आणि मग आठवत होतं की त्यांना थांबायला लागू नये म्हणूनच मला नेमलं होतं.

पोचलो तेव्हा सहा वाजून बारा मिनिटं झाली होती. सभागृहाची दारं बंद. दारावरच्या स्वयंसेविकेनं ओठांवर बोट ठेवलं. आतून चेलोचा आवाज येत होता, एकट्या चेलोचा.

ती दाराशी उभी राहिली, पाठीवर वाद्य घेऊन. दुसरी कुणीतरी वाजवत होती, जरा भीत भीत, पण बरं वाजवत होती. एका ठिकाणी तिकडे सूर घसरला आणि हिनं डोळे मिटून घेतले. "सॉरी बेटा," मी म्हटलं. तिनं मान हलवली, म्हणजे नुसती हलवली. मग आत टाळ्यांचा गजर झाला, दार उघडलं आणि माझी बायको फोन तोंडासमोर धरून बाहेर आली. हसत, डोळे पुसत.

"हो हो भाऊजी, तीच! काय वाजवलंय पोरीनं!"

आणि तिला समोर पोरगी दिसली.

लग्नाला सोळा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत बायकोनं माझ्या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवला तो फक्त त्या दिवशी. मी आणायला गेलोय म्हणजे आणलीच असणार, असं धरून ती, पुढे जागा न मिळाल्यानं, मागच्या रांगेत बसली होती. छापील पत्रिकेत हिचं नाव होतं, स्टेजवर सगळी पोरं काळ्या कपड्यांत, केस बांधलेली, आणि चेहरा नोटेशनच्या स्टँडच्या आड.

"अरे," ती माझ्याकडे बघून कुजबुजली, "मग ती कोण होती?"

फोनवर तिघं दिसत होते. बाबा, आणि त्यांच्या मागे शाल पांघरलेले आजोबा, आजी. बाबांचे डोळे लाल होते. ते म्हणत होते, "वहिनी, तिला द्या ना फोन, स्टेजवरून उतरली की." मला एक क्षण वाटलं, जाऊ दे. त्यांना तिघांना आनंद झालाय, कुणाचं काय बिघडतंय? आणखी एक खोटं, सगळ्यांच्या सोयीचं. त्यात माझा हात बसलेला होता. मी बायकोकडे बघितलं. तिनं फोन माझ्याकडे दिला नाही. मुलीनं तिच्या हातातून घेतला.

"बाबा, दॅट वॉझन्ट मी."

"काय?"

"आय वॉज लेट. मी बाहेर होते."

मी मध्ये तोंड घातलं. "माझी चूक झाली. वेळही मीच घोळात टाकली आणि रस्ताही मीच चुकलो. तिची काही चूक नाही, तिच्या आईचीही नाही."

मागून आजींचा आवाज आला, "म्हणजे मी दृष्ट कुणाची काढली?" आजोबा त्यांना म्हणाले, "गप गं." त्यावर बायकोला हसू आलं आणि लगेच रडू आलं. मुलीला यातलं काहीच आलं नाही. ती फोनकडे बघत उभी होती.

"बरं," बाबा म्हणाले. आवाज सरळ ठेवायला त्यांना कष्ट पडत होते. "मग आता काय?"

तेवढ्यात रचना बदलताना बाई दाराशी आल्या. मी हात जोडले, अक्षरशः. त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही, मुलीच्या खांद्यावर हात ठेवला. सोलो आता परत देता येणार नाही, त्या म्हणाल्या, पण शेवटच्या रचनेच्या आधी खुर्च्या हलवतात, तेव्हा मागच्या रांगेत एक खुर्ची टाकते.

"बाबा, यू कॅन गो टू स्लीप. इट्स जस्ट द बॅक रो."

"थांबतो की. उजाडेलच आता."

शेवटच्या रचनेला मी बाजूच्या वाटेत गुडघे टेकून बसलो आणि फोन डोक्यावर धरला. वहिनी तेव्हा आल्या, धापा टाकत, ऑफिसचं कार्ड गळ्यात तसंच. त्या पहिल्या खुर्चीकडे बघत होत्या. मी मागे बोट दाखवलं. त्यांनी तिकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी मान खाली घातली. त्या माझ्या शेजारी जमिनीवरच बसल्या.

"कुठली ती?" फोनमधून बाबांचा बारीक आवाज आला.

"मागे. उजवीकडून दुसरी," वहिनी म्हणाल्या.

"दिसत नाही गं. नुसतं गजाचं टोक दिसतंय."

"तेच."

माझा हात खाली यायला लागला तेव्हा वहिनींनी माझं कोपर खालून धरलं आणि फोन होता तिथेच राहू दिला.