तोंड पूर्वेला

या सदरातले अनुभव मी वाचतो ते मुख्यतः नावं ठेवायला, हे आधीच कबूल करतो. पांढरी साडी, पैंजण, पिंपळ... वाचायचं, हसायचं, पान उलटायचं. आमच्या घरातून छप्पन साली देव आणि भूत दोघांनाही एकाच दिवशी बाहेर काढलं. वडिलांनी देवाचे टाक गोणपाटात बांधून नदीत सोडले तेव्हा मी आठ वर्षांचा होतो, आणि गोणपाटाचं एक टोक माझ्या हातात होतं. आत्माच नाही म्हटल्यावर तो भटकणार कसा? तेव्हा भुताच्या गोष्टीसाठी कोणी बसलं असेल तर त्याने खुशाल उठावं. मी जे पाहिलं ते भूत नव्हतं — आणि माझा सगळा घोळ तिथेच आहे.

साल चौऱ्याहत्तर. गाव बोरी, तालुका जिंतूर. मी राहायला गावात, पण शिकवायला अडीच मैलांवरच्या वस्तीशाळेत, गावाच्या थेट पूर्वेला. शिक्षक दोनच. मी, आणि माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे शांतवन मास्तर. मास्तर जालन्याकडचे, ख्रिस्ती. बायको सुवार्ताबाई तिकडे एका दवाखान्यात नर्स, म्हणून हे बोरीत एकटेच. गावात खोली कोणी दिली नाही, मग गावालगतच्या आमच्या वस्तीत, आमच्या शेजारी राहिले. भाकरी माझी आईच करायची.

त्यांचे आजोबा आणि माझे आजोबा, दोघंही गावकुसाबाहेर जन्मलेले. त्यांचे लवकर ख्रिस्ती झाले, आम्ही छप्पन साली बौद्ध. मास्तर चिडवायचे, "आमी आधीच्या गाडीनं निघालो, गुरुजी. तुमी मागच्या."

"तुमची गाडी भलत्याच स्टेशनावर गेली," मी म्हणायचो.

उन्हाळ्यात सकाळची शाळा असायची. अंधुकातच निघायचं, आणि अर्ध्या वाटेवर एका विहिरीपाशी न्याहारीला थांबायचं. तिथे एक पसरट दगड होता. मास्तर त्यावर नेहमी उगवतीकडे तोंड करून बसायचे. डोळे मिटून दोन शब्द पुटपुटायचे, भाकरी मोडायचे आणि पहिला तुकडा माझ्या हातावर ठेवायचे. तीन वर्षांत एकदाही पहिला तुकडा त्यांनी स्वतः खाल्लेला मला आठवत नाही.

आणि मग आमचं भांडण सुरू व्हायचं. विषय ठरलेला — मेलेला माणूस देहासकट उठतो का?

मी म्हणायचो, मास्तर, तुम्ही गणित शिकवता, जरा लाज बाळगा. ते चिडायचे नाहीत. एक-एक मुद्दा काढायचे.

"हे बघा गुरुजी, आमच्या प्रभूची कबर रिकामी हाय हे आधी कुणाला दिसलं? बायकांना. त्या काळी बायकांची गवाही कोण धरत होतं? मला खोटी गोष्ट रचायची असती तर मी पाटलाला उभा केला असता, फौजदाराला केला असता. बायकांना कामून उभं करू?"

"मढं चोरलं असेल कोणीतरी."

"कुणी? त्याचे साथीदार तर भिऊन दारं लावून बसले होते. आन् दुश्मनांनी नेलं असतं तर त्यांनी ते चावडीवर आणून दाखवलं असतं. खेळ खलास. पण दाखवलं न्हाई. उलट तेच भित्रे लोक पुढं मरायला तयार झाले. खोट्यासाठी कोण मरतं का?"

"खोट्यासाठी नाही मरत. पण चुकीसाठी मरतो माणूस," मी म्हणालो. यावर मास्तरांनी डबा बांधायला घेतला. मला भारी आनंद झाला. दुसऱ्या दिवशी मात्र ते रात्रभर विचार करून आले होते.

"चूक असती तर ती डोळ्याची असती. पण उठल्यावर त्यानं मासा मागून खाल्ला. हाताला हात लावू दिला. भूत जेवत न्हाई, गुरुजी." आणि माझ्या डब्यातल्या सुकटाच्या चटणीकडे बोट दाखवून म्हणाले, "असाच मासा आसंल."

सुकट त्यांना लय प्रिय. आई बोरीच्या बाजारातून खास त्यांच्यासाठी आणायची.

एकदा मी जरा खवचटपणे विचारलं, की देहच कशाला हवा? आत्मा वर गेला की झालं, बाकीचे धर्म तेवढ्यावर भागवतात की. मास्तर हातातली भाकरी खाली ठेवून म्हणाले, "आपल्या आज्याच्या आत्म्याला गावात कुणी अडवलं होतं का? आत्म्याचा इटाळ कुणालाच न्हवता. इटाळ देहाचा होता. पाणी ह्या हाताला दिलं न्हाई. सावली ह्या अंगाची नको होती. मग देवानं नुसता आत्मा उचलला आन् हे अंग टाकून दिलं, तर तो देव गावाच्याच बाजूचा झाला की! माझा देव हेच अंग उठवणार हाय. हेच."

मी त्यांची भाकरी उचलून परत त्यांच्या हातात दिली.

वार्षिक परीक्षा चालू होती. बुधवारी शाळेतून परतताना मास्तरांच्या छातीत कळ आली. कसंबसं घरी आणून बाजेवर निजवलं. डॉक्टरसाठी माणूस जिंतूरला पळाला, पण मास्तरांना तेवढी वाट बघायची नव्हती. माझा हात धरून म्हणाले, "जाळू देऊ नका मला. पुरा. आन् तोंड पूर्वेला करा. ध्यानात ठेवा, तोंड पूर्वेला."

"ठेवतो," मी म्हणालो. आयुष्यात मी पुष्कळ शब्द दिले आणि पुष्कळ मोडले. हा मात्र पाळायचा असं मी त्याच क्षणी ठरवलं होतं.

भर दुपारी ते गेले. सुवार्ताबाईंना तार केली. पण उन्हाळ्याचे दिवस, जाणती माणसं म्हणाली मय्यत ठेवता येणार नाही. आमच्याच लोकांच्या मसणवट्यात खड्डा खणला. पाळकसाहेब नाहीत, दुसरं ख्रिस्ती माणूस नाही, सगळं माझ्याच अंगावर. लोक विचारत होते, गुरुजी, डोकं कुठं? मी छातीठोकपणे सांगितलं — पूर्वेला. सूर्य मावळताना मी पहिली मूठ माती टाकली.

सुवार्ताबाई गुरुवारी सकाळी आल्या. देवगाव फाट्यावर त्यांची जिंतूरची गाडी हुकली होती, रात्रभर तिथेच बाकड्यावर बसल्या होत्या. आल्या त्या मातीच्या ढिगापाशीच. रडल्या, पण आवाज न करता. मला त्यांच्याकडे बघवेना.

शुक्रवारी परीक्षेचा शेवटचा पेपर. मास्तर गेले, मी नाही गेलो तर पोरांचं वर्ष जाणार. आईने सवयीने दोघांची भाकरी बांधली. बांधून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, पण तिने सोडली नाही, मीही काढायला सांगितलं नाही. एकटाच निघालो. आणि इथून पुढचं मी जसं घडलं तसंच लिहितो आहे...

सूर्य नुकताच वर आला होता. समोरून, डोळ्यांवर. विहिरीच्या दगडावर डबा ठेवला, पोहरा सोडून पाणी काढलं, तोंड धुतलं. मागे वळलो तर दगडावर मास्तर बसलेले.

पारदर्शक वगैरे काही नाही. मळकं धोतर, तोच सदरा, कॉलरला आईने घातलेला टाका. सूर्य त्यांच्या पाठीशी होता, म्हणून चेहऱ्यावर सावली. मी घाबरलो का? नाही. हे लोकांना पटत नाही, पण पहिला विचार मनात आला तो असा, की मास्तर आज उलटे का बसलेत?

त्यांनी डबा उघडला. भाकरी मोडली. पहिला तुकडा माझ्यापुढे धरला, मी हात पुढे केला आणि त्यांची बोटं माझ्या तळव्याला लागली. गरम होती. उन्हातून आलेल्या माणसाची असतात तशी. मग ते खायला लागले. सुकट बोटाने पुसून खाल्लं. पण खाताना सारखे इकडेतिकडे बघत होते. काहीतरी हरवल्यासारखे. आणि शेवटी मला म्हणाले,

"गुरुजी, उजेड कुठून यायलाय?"

मी त्यांच्या मागे बोट दाखवलं. सूर्याची तिरीप डोळ्यात गेली, डोळे मिटले. उघडले तेव्हा दगड रिकामा.

डब्यात अर्धी भाकरी. सुकट संपलेलं. माझ्या हातात तुकडा.

शाळेत गेलो, पेपर घेतला. कसा घेतला ते विचारू नका. परतल्यावर सरळ सुवार्ताबाईंपुढे बसलो आणि सगळं सांगून टाकलं. त्या ऐकत होत्या. मधे त्यांनी एकच विचारलं —

"पोटभर जेवले का?"

"हो वहिनी."

"भाऊजी, यांना ठेवलं कसं? पाय कुठं केले?"

"मास्तर म्हणाले तसंच. तोंड पूर्वेला. डोकं पूर्वेला केलं."

त्यांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं रडतील. पण त्यांनी शांतपणे समजावलं, लहान मुलाला समजवावं तसं. आमच्यात पाय पूर्वेला करतात, भाऊजी. म्हणजे शेवटच्या न्यायाच्या दिवशी माणूस उठून बसला की तोंड आपोआप पूर्वेला होतं. प्रभू तिकडून येणार. निजल्यापणी न्हाई, उठल्यावर तोंड पूर्वेला.

निजलेल्या माणसाचंच तोंड माझ्या डोक्यात होतं. मेलेला उठून बसणार, हे माझ्या हिशेबातच नव्हतं. तीन वर्षं भांडूनसुद्धा मी मास्तरांचं म्हणणं एका क्षणापुरतंही खरं धरलं नव्हतं, त्यातूनच ही चूक. आणि दिलेला शब्द पाळायच्या नादात मी त्यांना असं निजवलं होतं, की उठून बसले तर सूर्याकडे पाठ होईल.

"वहिनी, आजच उकरू. मी एकटा उकरतो."

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "देवाला दिशा सांगावी लागत न्हाई. आन् तुमी जे पाहिलं ना, ते आमचं उठणं न्हवं. ते सगळ्यांचं संगट हाय, शेवटच्या दिवशी देवाचा कर्णा वाजल्यावर. तुमी दोन रात्री झोपला न्हाईत."

"तुमचा प्रभू तिसऱ्या दिवशीच उठला ना? आज तिसरा दिवस आहे म्हणून विचारतो..."

"तो तिसरा दिवस एकाचाच होता, भाऊजी." एवढं बोलून त्या उठल्या आणि मास्तरांची पेटी बांधायला लागल्या. विश्वास त्यांचा, आणि त्यांना माझ्या अनुभवाची काडीची गरज नव्हती. ज्याचा कशावर विश्वास नाही त्याच्याच गळ्यात हे येऊन पडलं! मला तेव्हा त्यांचा रागच आला होता.

पन्नास वर्षं मी याला लॉजिक लावतो आहे. हॅल्युसिनेशन म्हणावं, तर भाकरी गेली कुठे? मीच खाल्ली असेल, कुत्र्याने खाल्ली असेल. ठीक. मास्तरांनी कधीतरी पायांचं सांगितलं असेल आणि ते मनाच्या तळाशी राहिलं असेल. तेही ठीक. पण मग मसणवट्यात डोकं कुठं विचारलं तेव्हा ते वर का नाही आलं? आणि भूत म्हणायचं, तर भूत जेवत नाही हे खुद्द मास्तरांनीच मला शिकवलेलं. देहासकट उठले म्हणायचं, तर त्यांची बायकोच नाही म्हणते. मी कुठल्याच बाजूला बसत नाही. रात्री नीट झोप लागत नाही ती नाही लागत, पण पहाट झाली की जास्त अस्वस्थ होतो. ऊन कुठून येतंय ते बघितल्याशिवाय मला आजही न्याहारी जात नाही.

परवा मुलाला बसवून सांगितलं. मला जाळायचं नाही. बोरीच्या मसणवट्यात मास्तरांच्या पायथ्याला, पश्चिमेच्या अंगाला जागा बघायची. डोकं पश्चिमेला, पाय पूर्वेला. त्यांच्या पायाला माझे पाय.

मुलगा हबकला. "अप्पा, तुम्ही? तुम्ही हे मानायला लागलात?"

नाही मानत. लिहून घ्या, शांतवन मास्तरांचा एकही मुद्दा मला अजून पूर्ण पटलेला नाही. पण समजा... नुसतं समजा, मास्तर बरोबर निघाले. ते उठून बसतील आणि त्यांची पाठ उजेडाकडे असेल, माझ्यामुळे. तेव्हा समोर कुणीतरी ओळखीचं असायला हवं ना, सांगायला — मास्तर, उजेड मागं हाय. वळा.